उंदरांतले स्वयंप्रतिकार रोग आणि नर-मादी फरक: कोकणातल्या प्राणिगृहांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत फार्मसी आणि जीवशास्त्राच्या कितीतरी महाविद्यालयांत लहान प्राणिगृहे आहेत. तिथे ल्युपस, आमवात, टाइप १ मधुमेह किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांवर उंदीर आणि रॅट घेऊन काम करणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न. पावसाळ्याचा प्रश्न मुद्दाम सविस्तर घेतला आहे. नर-मादी फरकाच्या प्रयोगांची माती इथे बहुतेक वेळा त्यामुळेच होते.

माणसांत ल्युपस बायकांना जास्त होतो. मग प्रयोगालाही माद्याच घ्यायच्या ना?

आधी मॉडेल कोणते ते ठरवा. माणसांत ल्युपस आणि शोग्रेन सिंड्रोम (लाळ व अश्रुग्रंथींचा आजार) यांच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, आमवातात एका पुरुषामागे दोन-तीन बायका, आणि टाइप १ मधुमेहात फरक जवळजवळ नाहीच. उंदरांत हे गणित जसेच्या तसे उतरत नाही.

एनझेडबी/डब्ल्यू एफ-१ या संकरित उंदरांत ते उतरते. माद्यांच्या लघवीत पाच-सहा महिन्यांपासून प्रथिने जाऊ लागतात आणि आठ-नऊ महिन्यांपर्यंत निम्म्या माद्या मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. नर वर्ष ओलांडतात. बीएक्सएसबी जातीत मात्र उलटे: नर पाच-सहा महिन्यांत जातात, माद्या वर्षाहून जास्त जगतात. कारण त्या नरांच्या वाय गुणसूत्रावर एक्सचा एक तुकडा येऊन चिकटला आहे आणि त्यात टीएलआर-७ हे प्रतिकारशक्ती चेतवणारे जनुक आहे. हे २००६ मध्ये उलगडले. म्हणजे इथे नर असणे हे कारण नव्हे, टीएलआर-७ ची जादा प्रत हे कारण. एमआरएल/एलपीआर जातीत दोघेही आजारी पडतात, माद्या थोड्या आधी.

बाकीच्या मॉडेलांत काय अपेक्षित धरायचे?

एनओडी या आपोआप मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांत तीस आठवड्यांपर्यंत ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांत २० ते ३० टक्क्यांना. स्वादुपिंडातल्या बेटांभोवती पेशी जमणे मात्र दोघांतही कोवळ्या वयात सुरू होते, म्हणजे फरक पुढच्या टप्प्यावर पडतो. याच एनओडीमध्ये लाळग्रंथींचा दाह माद्यांत जास्त आणि अश्रुग्रंथींचा नरांत जास्त. एकाच प्राण्याच्या दोन ग्रंथी परस्परविरुद्ध उत्तर देतात, म्हणून ‘माद्यांची प्रतिकारशक्ती जास्त तापट’ असे एका वाक्यात उरकू नका.

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी वापरल्या जाणाऱ्या ईएई (मेंदू आणि मज्जारज्जूचा मुद्दाम घडवलेला दाह) मॉडेलमध्ये एसजेएल जात आणि पीएलपी १३९-१५१ हे मज्जातंतूंच्या आवरणातल्या प्रथिनाचे पेप्टाइड (तुकडा) घेतले तर माद्यांत रोग तीव्र होतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. नरांत सौम्य राहतो. तेच ईएई सी५७ब्लॅक/६ जातीत एमओजी ३५-५५ या तशाच पेप्टाइडने केले तर फरक किरकोळ किंवा शून्य. कोलॅजनने होणाऱ्या संधिदाहात डीबीए/१ जातीचे नर जास्त वापरले जातात कारण त्यांच्यात रोग खात्रीने येतो, जरी माणसांत आमवात बायकांचा आजार असला तरी. हृदयाच्या स्नायूचा दाह बाल्ब/सी नरांत जास्त, थायरॉइडचा दाह बहुतेक मॉडेलांत माद्यांत जास्त.

हा फरक संप्रेरकांमुळे पडतो की गुणसूत्रांमुळे?

दोन्हींमुळे, आणि ते वेगळे करायला खास उंदीर लागतात. संप्रेरकांचा पुरावा जुना आहे. १९७८ मध्ये दाखवले गेले की एनझेडबी/डब्ल्यू नरांचे वृषण लहानपणीच काढले तर ते माद्यांसारखे लवकर आजारी पडतात, आणि माद्यांना अँड्रोजेन दिले तर त्या जास्त जगतात. पुढे त्यामागच्या वाटाही सापडत गेल्या. अँड्रोजेनमुळे थायमसमध्ये ‘एअर’ जनुकाचे काम वाढते, त्यामुळे स्वतःच्याच ऊतींवर उठणाऱ्या टी पेशी तिथेच जास्त प्रमाणात गाळल्या जातात. टेस्टोस्टेरॉनमुळे बी पेशींना जगवणारा ‘बाफ’ हा घटक कमी राहतो.

गुणसूत्रांसाठी ‘फोर कोअर जीनोटाइप्स’ उंदीर वापरतात. यात वृषण घडवणारे एसआरवाय जनुक वायवरून उचलून दुसऱ्याच गुणसूत्रावर बसवलेले असते. त्यामुळे एक्सएक्स असून वृषण, एक्सवाय असून अंडाशय, असे चारही प्रकार मिळतात. २००८ मध्ये एसजेएल जातीत जननग्रंथी काढून टाकून तुलना केली, तेव्हा एक्सएक्स उंदरांत ईएई आणि प्रिस्टेन या तेलाने होणारा ल्युपस, दोन्ही जास्त तीव्र निघाले.

इथे एक धोक्याची सूचना. २०२४ मध्ये लक्षात आले की याच उंदरांच्या सी५७ब्लॅक/६ वंशात वायवर एक्सचा तुकडा आला आहे आणि त्यात पुन्हा टीएलआर-७ आहे. म्हणजे बीएक्सएसबीचीच गोष्ट गुपचूप घडलेली. हा वंश मागवणार असाल तर टीएलआर-७ च्या प्रती मोजल्याशिवाय प्रतिकारशक्तीचा एकही निष्कर्ष काढू नका.

२०२४ मध्येच झिस्ट या आरएनएबद्दलही महत्त्वाचे काम झाले. मादीच्या पेशीत दोनपैकी एक एक्स बंद ठेवणारा हा आरएनए आपल्याभोवती बरीच प्रथिने गोळा करतो, आणि ल्युपसच्या रुग्णांत यातल्या अनेक प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. एसजेएल नरांमध्ये हा आरएनए कृत्रिमरीत्या तयार करवला आणि प्रिस्टेन दिले, तर त्यांचा रोग माद्यांच्या तोडीचा झाला. सी५७ब्लॅक/६ नरांत तसे झाले नाही. जात कुठली हा प्रश्न नर-मादीच्याही आधी येतो, तो असा.

इस्ट्रोजेन वाढवले की रोग वाढतो, असे सरळ का लिहू नये?

कारण मात्रा बदलली की दिशा बदलते. गरोदरपणाइतकी वरची पातळी ईएई आणि कोलॅजन संधिदाह दाबते, ल्युपसला मात्र खतपाणी घालते. ईएई झालेली गाभण मादी शेवटच्या दिवसांत सुधारते आणि व्यायल्यावर रोग उसळतो. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या बायकांतही गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतर वाढतात. म्हणून ‘इस्ट्रोजेन दिले’ एवढे पुरत नाही. किती, कोणत्या मार्गाने, किती दिवस आणि रक्तात पातळी किती आली, हे सगळे लिहा.

वृषण किंवा अंडाशय काढून तुलना करायची आहे. काय सांभाळावे?

वय ठरवा. वयात येण्याआधी, तीन-चार आठवड्यांचे असताना काढले तर संप्रेरकांमुळे होणारी वाढीच्या वयातली जडणघडणही थांबते. मोठेपणी काढले तर फक्त त्या वेळचा परिणाम जातो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चार गट लागतात: नर आणि मादी, प्रत्येकी शस्त्रक्रिया केलेले आणि नुसतीच चीर देऊन शिवलेले. नुसती चीर दिलेले गट वाचवायला जाऊ नका, भूल आणि जखम यांचा ताण ईएईची सुरुवात पुढे ढकलू शकतो.

भुलीसाठी किटामिन ८० ते १०० मिग्रॅ आणि झायलाझिन १० मिग्रॅ प्रतिकिलो, पोटाच्या पोकळीत, ही नेहमीची मात्रा. पशुवैद्यांकडून आपल्या जातीसाठी ती तपासून घ्या. उंदीर भानावर येईपर्यंत पिंजऱ्याखाली ऊब हवी; पावसाळ्यात डीह्युमिडिफायरने थंडावलेल्या खोलीत लहान उंदीर पटकन गारठतो. वेदनाशामक आधी द्या, नंतर नव्हे. त्यानंतर किमान दोन आठवडे थांबा आणि मगच रोग घडवा.

काम नीट झाले का, हे शेवटी शवविच्छेदनात दिसते. अंडाशय पूर्ण निघाले असतील तर गर्भाशय पातळ, फिकट दोऱ्यासारखे असते. वृषण काढलेल्या नराचे शुक्राशय आकसलेले असतात. दोन्हींचे वजन नोंदवा. गर्भाशय गुबगुबीत निघाले तर अंडाशयाचा कण आत राहिला आहे, किंवा खाद्यातून, अंथरुणाच्या तुसातून इस्ट्रोजेनसारखे काहीतरी पोटात जाते आहे. इस्ट्रॅडिऑलची गोळी कातडीखाली बसवली असेल तर पोटाचा खालचा भाग रोज हाताने चाचपून पाहा. मात्रा जास्त झाली की उंदरांची लघवी अडते, मूत्राशय फुगून टणक लागते आणि मागची कातडी भाजल्यासारखी लाल होते. हा रोग नव्हे, औषधाचा दुष्परिणाम आहे.

जानेवारीत दिसलेला नर-मादी फरक जुलैत गायब होतो. असे का?

कोकणातल्या प्राणिगृहांचा हा सगळ्यात खरा प्रश्न. मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोलीत ३० ते ७० टक्के आर्द्रता हवी. आषाढात किनाऱ्यावर बाहेरची हवा ८५-९० च्या वर असते आणि साधा एसी तापमान उतरवतो, ओलावा पुरेसा खेचत नाही. मग चार गोष्टी एकदम बिघडतात, आणि यातल्या तीन थेट संप्रेरकांवर जातात.

पहिली, खाद्य. आगोटीला घरची बेगमी करतो तशी चार महिन्यांची पेलेट पोत्यांतच भरून ठेवायची सवय आहे. ती मोडा. पेलेटमध्ये मका असतो. ओलसर धान्यावर वाढणाऱ्या फ्युझॅरियम बुरशीतून झिअरालेनोन तयार होते आणि ते शरीरात इस्ट्रोजेनसारखे काम करते. नुसती दिसणारी बुरशी झाडून पेलेट वापरल्याने विष जात नाही, ऑटोक्लेव्हनेही (दाबाच्या वाफेनेही) भरवशाने जात नाही. पेलेट मोडली की कट्‌कन तुटली पाहिजे. वाकली, भुगा ओला लागला किंवा कुबट वास आला की पोते बाद. त्यातच बहुतेक पेलेटमध्ये प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड असते, तिच्यातले जेनिस्टीन आणि डेडझीनही इस्ट्रोजेनसारखे, आणि प्रमाण दर बॅचला वेगळे. म्हणून एका प्रयोगाला एकच बॅच हवी आणि ती कोरडीही राहिली पाहिजे. उपाय एकच: बॅच एकदम घ्या, पण आल्या दिवशीच छोट्या हवाबंद पिंपांत भरा, डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत फळीवर ठेवा आणि एकावेळी एकच पिंप उघडा. परवडत असेल तर सोया नसलेले खाद्य मागवा.

दुसरी, पिंजऱ्यातले अंथरूण. मक्याच्या कणसाचे दाणेदार अंथरूण नर-मादीच्या कामात टाळाच; त्यातल्या काही संयुगांनी माद्यांचे चक्र बिघडते हे दाखवलेले आहे. आपल्याकडे भाताचे तूस मुबलक मिळते आणि ते चालते, पण गिरणीतून आलेले तूस ओले नको आणि ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय वापरायला नको. गिरणीत फिरणारे रानटी उंदीर पोत्यांवर मुततात. त्यातून विषाणू आणि कृमी आत येतात, आणि लेप्टोचा धोका तर कामगारांनाही.

तिसरी, पिंजरे. खाऱ्या हवेने जाळ्या गंजतात म्हणून कडक क्षाराच्या पावडरीने घासायची पद्धत पडते. पिंजरा पॉलीकार्बोनेटचा असेल तर अशा धुण्याने तो पांढुरका होतो, चरे पडतात आणि त्यातून बिस्फेनॉल-ए सुटते. तेही इस्ट्रोजेनसारखेच. पांढुरके झालेले पिंजरे आणि बाटल्या काढून टाका. पॉलीप्रॉपिलीनचे पिंजरे स्वस्त आहेत आणि या बाबतीत सुरक्षित.

चौथी गोष्ट संप्रेरकांची नाही, अमोनियाची. दमट हवेत तो पटकन साठतो आणि नरांच्या पिंजऱ्यांत आधी जाणवतो. पावसाळ्यात अंथरूण आठवड्यातून दोनदा बदला, पण दोन्ही लिंगांचे एकाच दिवशी. फक्त नरांचेच जास्त वेळा बदलले तर तोच एक फरक प्रयोगात शिरतो.

खाद्यात खोट आहे का, हे ओळखायची सोपी खूण: दूध तोडल्या-तोडल्याच, तीन आठवड्यांच्या पिल्लांत योनिद्वार उघडलेले दिसू लागले, किंवा मोठ्या माद्यांचा स्मिअर (योनीतल्या पेशींचा नमुना) आठवडाभर एकाच अवस्थेत अडकला, तर खाद्य आणि अंथरूण दोन्ही बदला. प्रयोग तिथेच थांबवा.

आमच्या एनओडी माद्यांना मधुमेहच होत नाही. बियाणे खराब आले का?

बहुधा खोली ‘खराब’ आहे. एनओडीमध्ये मधुमेह स्वच्छ प्राणिगृहात जास्त होतो. विषाणू, कृमी, जिवाणू यांचा संसर्ग झाला की प्रमाण घसरते. उघड्या खिडक्यांच्या खोलीत ८० टक्क्यांची अपेक्षा धरू नका. फ्रॉइंडचे पूर्ण सहायक द्रव्य (प्रतिकारशक्ती चेतवणारे, मृत क्षयजंतू असलेले तेल) एकदा टोचले तरी एनओडीला मधुमेहापासून संरक्षण मिळते, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगातून उरलेल्या माद्या इथे फिरवू नका.

आतड्यातल्या जिवाणूंचा भाग तर थेट नर-मादी फरकात आहे. जंतुविरहित वाढवलेल्या एनओडींत हा फरक जवळपास मिटतो. २०१३ मध्ये दाखवले गेले की प्रौढ नराच्या आतड्यातले जिवाणू कोवळ्या मादीला पाजले तर तिचे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि मधुमेह कमी होतो. उंदीर विष्ठा खातात, म्हणून एकत्र ठेवलेल्यांचे जिवाणू सारखे होतात. दूध तोडताना नर-मादी कुठल्या पिंजऱ्यात गेले आणि पाणी आम्लयुक्त होते का, याची नोंद हवीच.

साखर दहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला तपासा. सलग दोनदा २५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेली तरच मधुमेह धरा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेत पट्ट्या बिघडतात. झाकण लगेच लावा.

माद्यांच्या चक्रामुळे आकडे विखुरतात, म्हणून नरच बरे, हे खरे आहे का?

नाही. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, त्यात चक्राकडे दुर्लक्ष करून घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले आढळले नाहीत. एकत्र ठेवलेल्या नरांत वरचढ-दुय्यम असा क्रम लागतो आणि त्यानुसार टेस्टोस्टेरॉन व ताण बदलतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

मग स्मिअर घ्यायचा कधी, आणि कसा?

प्रश्नच चक्राशी निगडित असेल तर किंवा खाद्यावर संशय असेल तर. रोज ठरलेल्या वेळी घ्या. २० मायक्रोलिटर सलाइन पिपेटच्या टोकाने योनिद्वाराशीच सोडा, दोन-तीनदा आत-बाहेर करा, काचपट्टीवर थेंब ठेवा. टोक खोल घालू नका. गर्भाशयमुखाला धक्का लागला की मादीचे शरीर गर्भ राहिल्यासारखे वागते आणि पुढचे दहा-बारा दिवस फक्त पांढऱ्या पेशी दिसत राहतात. सुक्ष्मदर्शकाखाली केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या, पोह्यांसारख्या चपट्या पेशी म्हणजे इस्ट्रस (माज). मिश्रण म्हणजे मेटइस्ट्रस. बारीक पांढऱ्या पेशींचीच गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. चक्र चार-पाच दिवसांचे.

नरांपासून दूर, दाटीने ठेवलेल्या माद्यांचे चक्र लांबते. नराचे वापरलेले अंथरूण मूठभर टाकले की साधारण तिसऱ्या दिवशी बहुतेक माद्या इस्ट्रसमध्ये येतात. माद्यांना रोज हाताळत असाल तर नरांनाही तितकेच हाताळा.

ईएई एकाच दिवशी नर-माद्यांत घडवायचा आहे. मात्रा कशी ठरवावी?

नेहमीची पद्धत: एमओजी ३५-५५ पेप्टाइड २०० मायक्रोग्रॅम, ४ मिग्रॅ प्रति मिली मृत क्षयजंतू असलेल्या सहायक द्रव्यात घोटून कातडीखाली, पर्ट्युसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे विष) २०० नॅनोग्रॅम पोटाच्या पोकळीत, त्याच दिवशी आणि ४८ तासांनी. ही मात्रा दर उंदरामागे ठरलेली असते, वजनामागे नाही. मादी १८ ग्रॅमची आणि नर २३ ग्रॅमचा असेल तर मादीला दर ग्रॅममागे नरापेक्षा चतुर्थांशाहून अधिक जादा टॉक्सिन जाते. दिसलेला फरक निव्वळ याचाही असू शकतो. वय सारखे ठेवा, वजने नोंदवा, आणि शक्य असेल तर एका छोट्या गटात वजनाप्रमाणे मात्रा देऊन ताडून पाहा.

एकाच घाण्याचे मिश्रण दोघांना द्या. दोन काचेच्या सिरिंज जोडून, मध्ये बर्फावर ठेवत, घट्ट होईपर्यंत ढकला. एक थेंब पाण्यात सोडा: तो गोळीसारखा राहिला पाहिजे, पसरला तर पुन्हा घोटा. टोचताना नर-मादी आळीपाळीने घ्या. आधी सगळ्या माद्या, मग सगळे नर असे केले तर शेवटच्यांना फुटू लागलेले मिश्रण मिळते. लुळेपणाला गुण देणाऱ्याला औषध कुणाला दिले ते कळू नये. लिंग लपवता येत नाही, म्हणून दोन जणांनी स्वतंत्र गुण द्यावेत. मागचे पाय लुळे पडलेल्या उंदराला ओले खाद्य जमिनीवर आणि लांब नळीची बाटली द्या, मूत्राशय रोज रिकामे करा, आणि पुढचे पायही गेले किंवा वजन ठरवलेल्या मर्यादेखाली गेले की त्याच दिवशी वेदनारहित मृत्यू द्या.

डीबीए/१ नरांच्या पंजांवर सूज येते, पण ती संधिदाहाची की भांडणाची?

शेपटीचे मूळ, पाठ आणि कान पाहा. तिथे चावे असतील तर भांडण. संधिदाहाची सूज कोलॅजनच्या पहिल्या टोचणीनंतर साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, म्हणजे २१व्या दिवसाच्या बूस्टरनंतर येते. त्याआधीची सूज संशयास्पद. नरांचे गट दूध तोडतानाच करा आणि नंतर कधीही मिसळू नका. पिंजरा बदलताना घरट्याचा कापूस जुनाच ठेवा, मुताचे अंथरूण मात्र टाका.

आमच्याकडे फक्त विस्टार रॅट आहेत. त्यांत हा अभ्यास होईल का?

होईल, पण मोजमाप बदला. पंजात ०.१ मिली फ्रॉइंडचे द्रव्य टोचून त्याच पंजाची सूज मोजायची पद्धत रूढ आहे. ती पहिल्या दिवसांतली सूज स्थानिक दाहाची असते, स्वयंप्रतिकाराची नाही. नर-मादी फरक शोधायचा तर न टोचलेला पंजा १०-१४ दिवसांनंतर पाहा. विस्टार हे मिश्र रक्ताचे, त्यामुळे काहींना रोग येतच नाही. संख्या जास्त धरा. लुइस जात मिळाली तर चांगले. तिच्यात स्ट्रेप्टोकॉकसच्या पेशीभित्तिकेने होणारा संधिदाह माद्यांत स्पष्टपणे तीव्र असतो.

दोन्ही लिंगे घेतली की प्राणी दुप्पट लागतात, नैतिकता समिती नाकारेल, ही भीती बरोबर आहे का?

उद्देश औषधाचा परिणाम पाहणे हा असेल तर दुप्पट लागत नाहीत. गटात दहा माद्यांऐवजी पाच माद्या आणि पाच नर घ्या आणि विश्लेषणात लिंग हा घटक ठेवा. पण ‘औषध नरांत आणि माद्यांत वेगळे वागते’ असा दावा करायचा असेल तर लिंग आणि औषध यांची आंतरक्रिया तपासावी लागते, आणि मुख्य परिणामाइतकीच मोठी आंतरक्रिया पकडायला सुमारे चौपट प्राणी लागतात. ‘माद्यांत पी ०.०३, नरांत ०.०९, म्हणून फरक आहे’ हे वाक्य प्रबंधात लिहू नका, त्यातून फरक सिद्ध होत नाही. ईएईचे गुण क्रमवाचक आहेत, त्यांची सरासरी काढून टी-टेस्ट लावू नका. मधुमेहाच्या सुरुवातीसाठी कॅप्लान-मायर (किती प्राणी किती दिवस रोगाविना राहिले, याचा आलेख) वापरा. एका व्यातीतली पिल्ले एकाच गटात ढकलू नका.

समितीकडे जाणाऱ्या फॉर्म बीमध्ये लिंग का आणि किती, हे संख्येच्या हिशेबासकट लिहा. एकच लिंग घेणार असाल तर रोगाचे कारण द्या, सोयीचे नको.

घाटावरून आणलेले उंदीर किती दिवस थांबवायचे?

किमान एक आठवडा, पावसाळ्यात दोन. आंबा किंवा कुंभार्ली घाटात दरड पडून गाडी अडकली तर ताण, तहान आणि उजेडाचे बिघडलेले तास यांनी माद्यांचे चक्र आणि नरांचे टेस्टोस्टेरॉन दोन्ही हलतात. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर दिव्यांचा टायमर आधी जोडा. रात्री बारा तास अंधार म्हणजे पूर्ण अंधार; पॅसेजचा दिवा दाराच्या फटीतून आत येत असेल तर रबराची पट्टी लावा.

पिल्लांचे लिंग चुकते. खात्री कशी करावी?

दोन पिल्ले शेजारी धरून गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतले अंतर पाहा, नरात ते जवळपास दुप्पट असते. गडद रंगाच्या जातींत नराला तिथे काळसर ठिपका दिसतो. दहाव्या दिवसाच्या सुमारास माद्यांची स्तनाग्रे उठून दिसतात. तरीही शंका असेल तर शेपटीच्या टोकाच्या डीएनएवर एसआरवायचे पीसीआर करा, सोबत एखादे नेहमीचे जनुक ताळ्यासाठी ठेवा. नाहीतर फसलेले पीसीआर मादी म्हणून नोंदले जाते. फोर कोअर जीनोटाइप्स उंदरांत एसआरवायवरून वाय आहे की नाही ते कळत नाही. तिथे केडीएम-५सी आणि केडीएम-५डी या जोडीचे पीसीआर करा: एक पट्टी म्हणजे फक्त एक्स, दोन पट्ट्या म्हणजे एक्स आणि वाय.